कुणाचं व्होल्टेज, कुणाचा करंट?

प्रस्तावना

या पुस्तकातली सगळी गणितं भागाकार-गुणाकार येणाऱ्या कुणालाही सुटतील. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध मिळतो, त्याच दोन आकड्यांचा गुणाकार केला की वॅट मिळतात. सूत्रांचा पसारा एवढाच आहे. नववीच्या विज्ञानात ‘धारा विद्युत’ या पाठात तो येतो, पेपरात दोन-तीन मार्कांचं उदाहरण होऊन पडतो आणि बहुतेकांच्या डोक्यातून तिथेच निघून जातो. आयटीआयला वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन ट्रेड घेणारी मुलं तो पुन्हा शिकतात: त्रिकोण काढायचा, हवं ते अक्षर बोटाने झाकायचं, उरलेलं सूत्र वाचायचं. त्रिकोणावर माझा राग नाही. पण तो तोंडपाठ असलेल्या मुलांना एक प्रश्न विचारून बघा: वस्तू जास्त कधी तापेल, तिचा रोध वाढल्यावर की कमी झाल्यावर? निम्मी मुलं म्हणतील वाढल्यावर, कारण करंटचा वर्ग गुणिले रोध म्हणजे वॅट. उरलेली म्हणतील कमी झाल्यावर, कारण व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध म्हणजेही वॅटच. दोन्ही सूत्रं छापील आहेत, दोन्ही बरोबर आहेत आणि उत्तरं मात्र एकमेकांच्या विरुद्ध.

उघड्या कॉईलची जुनी शेगडी आठवत असेल तर हा पेच तिच्या एकाच तारेत बघायला मिळतो. शेगडी १००० वॅटची धरू. २३० व्होल्टवर ती सुमारे ४.३५ अँपिअर घेणार, म्हणजे कॉईलचा रोध जवळजवळ ५३ ओहम. एक दिवस कॉईल तुटते. नवी आणायला वेळ कुणाला असतो? तुटलेली टोकं ओढून एकमेकांना पीळ दिला जातो आणि शेगडी पुन्हा चालू होते. घरातलं कुणीतरी खूश होऊन म्हणतंही की आता पहिल्यापेक्षा लवकर तापते. ते खरंच असतं. पीळ देताना कॉईलचा दहावा हिस्सा वाया गेला असेल तर रोध ५३ वरून साडेसत्तेचाळीसवर आला, आणि २३०चा वर्ग भागिले साडेसत्तेचाळीस म्हणजे १११० वॅट. रोध घटला, उष्णता वाढली.

आता पिळाकडे बघा. नायक्रोमच्या दोन टोकांचा तो सैल, काळपट सांधा समजा एक ओहमचा आहे. त्यातून जवळपास पावणेपाच अँपिअर जाणार. त्याचा वर्ग गुणिले एक, म्हणजे सुमारे २२ वॅट. मूळ तार दहा मीटर धरली तर तिच्या दर सेंटीमीटरला एकच वॅट येतो, आणि इथे सेंटीमीटरभर पिळात २२. त्यामुळे पुढच्या वेळी शेगडी जळते ती नेमकी त्याच जागी. रोध वाढला म्हणून उष्णता वाढली. एकच तार, एकच करंट आणि पेचातल्या दोन्ही बाजू खऱ्या.

हे पुस्तक ज्यासाठी लिहिलं गेलं आहे ते इथे आहे. पूर्ण कॉईलच्या दोन टोकांमध्ये भिंतीतले २३० व्होल्ट ठरलेले आहेत. तिथे रोध कमी म्हणजे करंट जास्त, करंट जास्त म्हणजे वॅट जास्त. पिळाच्या दोन टोकांमध्ये मात्र २३० व्होल्ट नाहीतच. तिथे आहेत जेमतेम पावणेपाच व्होल्ट. पिळाला व्होल्टेज ठरवून मिळत नाही, त्याला करंट ठरवून मिळतो. उरलेल्या साडेसत्तेचाळीस ओहमनी जो करंट ठरवला तो निमूटपणे पिळातून जातो आणि त्याला तापवतो. सूत्र कुठलं वापरायचं हे वस्तूच्या नावावरून ठरत नाही. कुणाच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज, आणि कुणातून जाणारा करंट, हे आधी सांगावं लागतं. ते न सांगता केलेला भागाकार कागदावर बरोबर येतो आणि भिंतीवर खोटा ठरतो.

खोटा म्हणजे किती, ते पाहण्यासारखं आहे. बाथरूममधला दोन हजार वॅटचा गीझर ८.७ अँपिअर घेतो. त्याचा रोध साडेसव्वीस ओहम. सॉकेटची पकड ढिली झाली आहे, पिनेवर काजळी धरली आहे आणि त्या एका जागी अर्धा ओहम रोध तयार झाला आहे. त्रिकोणवाला मुलगा हिशेब करतो: २३०चा वर्ग ५२,९००, भागिले अर्धा, म्हणजे एक लाख पाच हजार आठशे वॅट. एका पिनेवर! त्याला उत्तर चुकलंय हे कळतं, पण कुठे चुकलं ते कळत नाही. चूक गणितात नाहीच. त्याने पिनेला गीझरचं व्होल्टेज देऊन टाकलं. खरा हिशेब असा: एकूण रोध २७ ओहमच्या आसपास, करंट साडेआठ अँपिअर, आणि साडेआठचा वर्ग गुणिले अर्धा, सुमारे ३६ वॅट.

३६ वॅट हा आकडा लहान वाटतो. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातली सोल्डरिंग आयर्न बहुधा २५ वॅटची असते आणि ती कथील वितळवते. गीझर चालू असेपर्यंत तुमच्या सॉकेटच्या पोटात त्याहून तापलेली एक सोल्डरिंग आयर्न बसलेली असते. प्लग पिवळा पडतो, मग तपकिरी, मग वास यायला लागतो. आणि गंमत अशी की एमसीबीला याचा पत्ताच नसतो. एमसीबी करंट जास्त झाला तर पडतो. इथे करंट ८.७ वरून साडेआठवर उतरलेला आहे. एमसीबीच्या नजरेत सगळं पूर्वीपेक्षा बरंच चाललंय. ‘एवढे एमसीबी बसवले तरी सॉकेट जळलाच कसा’ असं विचारणाऱ्या प्रत्येक घरमालकाला हे गणित एकदा करून दाखवावं असं मला फार वाटतं. त्याच गीझरच्या दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा, जाऊन-येऊन तीस मीटर लांबीचा, मिळून रोध ०.३६ ओहम भरतो आणि तिच्यातही २६ वॅट जातात. पण ते तीस मीटरभर पसरलेले. हाताला जेमतेम कोमट लागतात. वॅट किती याच्याइतकंच ते किती जागेत, हेही विचारायला हवं.

ज्याच्या नावाने हा नियम ओळखला जातो त्याने तो आपण शिकतो तशा रूपात लिहिलाच नव्हता. गेओर्ग झीमोन ओहम १७८९ साली जर्मनीतल्या एर्लांगनमध्ये जन्मला. वडील कुलुपं बनवणारे कारागीर. त्यामुळे धातू घासून, ताणून, कापून काम करणं त्याच्या हातात घरातूनच आलेलं. कोलोनच्या एका शाळेत शिकवता शिकवता त्याने तारांवर प्रयोग सुरू केले. अडचण व्होल्टेजची होती. व्होल्टाचा विद्युतघट जोडल्या क्षणापासून उतरायला लागतो. एका तारेचं माप घेऊन दुसरी लावेपर्यंत पहिल्याची अट बदललेली. १८२५ मध्ये त्याने छापलेलं पहिलं सूत्र याच कारणाने चुकलं. मग पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञाने त्याला नवी वाट सुचवली. चारच वर्षं आधी, १८२१ मध्ये, झेबेकने दाखवून दिलं होतं की दोन वेगळ्या धातूंचे सांधे एक गरम आणि एक थंड ठेवले की वीज निर्माण होते. ओहमने बिस्मथ आणि तांब्याचे सांधे घेतले, एक उकळत्या पाण्यात, दुसरा वितळत्या बर्फात. उकळत्या पाण्याचं आणि वितळत्या बर्फाचं तापमान ढळत नाही, म्हणून व्होल्टेजही ढळत नाही. टांगलेल्या चुंबकसुईने करंट मोजायचा. वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या आठ तारा एकेक करून लावायच्या.

१८२६ मध्ये त्याच्या हाती आलं ते सूत्र असं: करंट म्हणजे एक स्थिर आकडा भागिले, दुसरा स्थिर आकडा अधिक तारेची लांबी. वरचा आकडा उगमाचा जोर. आणि खालचा तो दुसरा स्थिर आकडा? तो होता खुद्द उगमाचा आणि जोडणीचा रोध. आपल्या शालेय सूत्रातून नेमका हाच तुकडा गळून गेला. ओहमच्या कागदावर तो पहिल्या दिवसापासून होता, कारण त्याला तारेचं वेगळं आणि उगमाचं वेगळं ठेवावंच लागलं. १८२७ मध्ये बर्लिनला त्याचं पुस्तक निघालं, त्याचं फारसं स्वागत झालं नाही, आणि कोलोनची नोकरीही सुटली. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिलं ते १८४१ मध्ये. म्युनिकला प्राध्यापकपद मिळालं १८५२ मध्ये, आणि दोन वर्षांनी माणूस गेला.

त्या गळून गेलेल्या तुकड्याची आठवण गावातलं प्रत्येक घर रोज करून देतं. संध्याकाळी शेजारच्याने पाण्याची मोटार लावली की आपला बल्ब क्षणभर मान टाकतो. डीपीपासून आपल्या आणि शेजाऱ्याच्या घरापर्यंत जी लाईन आली तिचा, फेज आणि न्यूट्रल मिळून, समजा एक ओहम रोध आहे. एक एचपीची मोटार चालताना सहाएक अँपिअर घेते, पण सुटताना त्याच्या पाच-सहा पट, म्हणजे तीस अँपिअरच्या घरात. तीस गुणिले एक, तीस व्होल्ट लाईनवरच खर्ची पडले. बल्बला उरले दोनशे. मोटारीने वेग घेतला की करंट खाली येतो आणि बल्ब पुन्हा उजळतो. ‘व्होल्टेज कमी येतंय’ असं आपण म्हणतो तेव्हा ते डीपीतून बऱ्याचदा पुरेसं निघालेलं असतं. मधल्या तारांनी आपला वाटा काढून घेतलेला असतो. जिथे लाईनवर आकडे टाकलेले असतात तिथे तर आकड्याचा प्रत्येक सैल स्पर्श हा वेगळा रोध, आणि पुढच्या सगळ्या घरांच्या व्होल्टेजमधली वेगळी कपात.

ओहमच्या आधीही हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिशने अठराव्या शतकातच बरंच गाठलं होतं. मीटर नव्हता, म्हणून स्वतःच्या अंगाला बसणाऱ्या झटक्याची तीव्रता जोखून तो वेगवेगळ्या पदार्थांचे रोध एकमेकांशी ताडत असे. त्याने ते छापलं नाही. १८७९ मध्ये मॅक्सवेलने त्याचे कागद संपादून प्रसिद्ध केले तेव्हा कॅव्हेंडिशला जाऊन एकोणसत्तर वर्षं झाली होती. (या पद्धतीचं अनुकरण करू नये, हे प्रस्तावनेत लिहायची गरज पडू नये. तरी लिहितो, कारण ‘बोट लावून बघतो’ म्हणणारे वायरमन अजून भेटतात.)

शक्तीचा हिशेब वेगळ्या वाटेने आला. मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमध्ये बिअर गाळण्याचा घरचा कारखाना असलेल्या जेम्स जूलने १८४१ मध्ये दाखवलं की तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट, उष्णता चौपट. हा वर्ग लक्षात न घेतल्याची किंमत पुढेही लोक मोजत राहिले, आणि व्होल्टेज वाढवलं की सगळं सुटतं या भाबड्या समजुतीचीही. १८५८ मध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली तारायंत्राची केबल पडली. संदेश क्षीण येत होते. कामाचा विद्युतप्रमुख वाइल्डमन व्हाइटहाउस मूळचा शल्यचिकित्सक. त्याने सुमारे दोन हजार व्होल्ट लावून पाहिले. आधीच कमकुवत असलेलं आवरण आणखी गेलं आणि काही आठवड्यांत केबल मुकी झाली. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्व्हिन, आधीपासून उलटं सांगत होता: तार जाड घ्या, चांगल्या तांब्याची घ्या, रोध कमी करा, आणि क्षीण करंट ओळखणारं नाजूक उपकरण वापरा. १८६६ची केबल त्याच धर्तीवर झाली आणि टिकली. १८५८च्या धक्क्यानंतरच रोध मोजायचं सर्वमान्य एकक हवं अशी निकड इंजिनीअरांना जाणवली. ब्रिटिश असोसिएशनने १८६१ मध्ये त्यासाठी समिती नेमली. पॅरिसच्या १८८१च्या परिषदेने ओहम, व्होल्ट आणि अँपिअर ही नावं पक्की केली.

आता घरात परत येऊ, कारण ‘कुणाचं’ याच्या जोडीला ‘कधीचं’ हाही प्रश्न आहे. साठ वॅटचा जुना पिवळ्या उजेडाचा बल्ब घ्या. साठ भागिले २३०, म्हणजे ०.२६ अँपिअर; २३० भागिले ०.२६, म्हणजे रोध ८८० ओहमच्या आसपास. तोच बल्ब होल्डरमधून काढून मल्टिमीटरने मोजा. साठ-सत्तर ओहम दिसतील. मीटर बिघडलेला नाही. टंगस्टनची तार पेटल्यावर सुमारे अडीच हजार अंश सेल्सिअसला पोचते आणि तिचा रोध तेरा-चौदा पट होतो. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी, तार थंड असताना, बल्ब साडेतीन अँपिअरपर्यंत करंट खेचू शकतो. बल्ब बहुतेक वेळा लावतानाच का उडतात त्याचं उत्तर त्यात आहे. शेगडीच्या नायक्रोमचं तसं नाही. ती थंड असो की लाल, रोध थोडाच हलतो. म्हणून शेगडीच्या कॉईलवर मल्टिमीटरचा विश्वास धरता येतो, बल्बवर नाही.

मल्टिमीटर ओहम कसे दाखवतो, हेही इथेच सांगून टाकतो. तो आपल्या बॅटरीतून एक छोटा करंट वस्तूतून पाठवतो, दोन टोकांमधलं व्होल्टेज बघतो आणि भागाकार करून पडद्यावर टाकतो. तुम्ही करणार तेच तो करतो. मग चालू सर्किटला ओहमच्या बटणावर मीटर लावला तर काय होईल? त्याच्या व्होल्टेजमध्ये दुसऱ्याचं व्होल्टेज मिसळेल, भागाकार निरर्थक होईल, आणि मीटरचा फ्यूज किंवा मीटरच जाईल. टाँग टेस्टरची गोष्ट याहून गमतीची. त्याचा जबडा फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरींभोवती मिळून अडकवला तर गीझर धडधडीत चालू असताना तो शून्य दाखवतो, कारण एकीतून जाणारा करंट दुसरीतून परत येतो आणि दोघांचा परिणाम कटतो. शिकाऊ मुलगा मीटर बदलून आणायला निघतो. मीटर बरोबर असतो. करंट कुणाचा मोजायचा ते ठरलेलं नसतं.

कमी व्होल्टेजबद्दल लोकांच्या मनात एक सरसकट भीती आहे. तिचे दोन तुकडे करायला हवेत. १८० व्होल्टवर आपला तोच गीझर ६.८ अँपिअर घेतो आणि १२२५ वॅट देतो. पंधरा लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला अर्ध्याहून किंचित जास्त युनिट लागतं, मग व्होल्टेज काहीही असो. २३०वर सोळा मिनिटं, १८०वर पंचवीस-सव्वीस. टाकीतून थोडी उष्णता जास्त वेळ सुटते एवढाच तोटा. बिल साधारण तेवढंच आणि गीझरला इजा शून्य. करंट कमी झाला आहे, तापणार कोण?

शेतातल्या मोटारीचं याच्या नेमकं उलट. पाच एचपीचा पंप थ्री फेजच्या ४१५ व्होल्टवर दर फेजला सात-साडेसात अँपिअर घेतो. गावाकडचे वायरमन एचपीला दीड अँपिअर असा सरळ हिशेब धरतात आणि तो फारसा चुकत नाही. मोटारीला विहिरीतून पाणी उचलायचंच आहे, काम तेवढंच राहतं. व्होल्टेज ३४० वर आलं तर तेवढंच काम निभावायला ती जास्त करंट ओढते, ढोबळ हिशेबाने नऊ अँपिअर. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ दीडपट. रात्रीच्या सप्लायवर, राखण करायला कुणी नसताना, तासन्‌तास. सकाळी मोटार जळालेली मिळते आणि दोष मोटारीच्या कंपनीच्या माथी जातो. मोटारीच्या वाइंडिंगवर मल्टिमीटर लावला तर काही ओहमच दिसतात. त्याने ४१५ला भागलं तर शंभरावर अँपिअर यायला हवेत. येत नाहीत, कारण चालती मोटार म्हणजे नुसती गुंडाळलेली तार नव्हे. फिरताना तिच्यात उलट व्होल्टेज तयार होतं आणि लावलेलं बहुतेक व्होल्टेज तेच तोलून धरतं. तारेच्या वाट्याला उरतं ते थोडं. पुन्हा तोच प्रश्न: कुणाचं व्होल्टेज?

पाण्याच्या टाकीची उपमा या पुस्तकात एका पानापुरती येते आणि मग सोडून दिली जाते, हे मला आवडलं. टाकीची उंची म्हणजे व्होल्टेज, नळातली धार म्हणजे करंट, अरुंद नळ म्हणजे रोध. सुरुवातीला बरं आहे. पण नळ उघडा टाकला की पाणी अंगणात वाहून जातं. वीज तुटलेल्या तारेच्या टोकातून अशी सांडत नाही. आणि करंटच्या वर्गाने तापणं पाण्याच्या उपमेत कुठेच बसत नाही.

तो वर्ग खऱ्या अर्थाने बघायचा तर घराबाहेर, मोठ्या तारांकडे जावं लागतं. वॅट म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. तेवढेच वॅट पाठवायचे असतील तर व्होल्टेज दहापट केल्यावर करंट दहावा हिस्सा होतो, आणि तारेतला तोटा शंभरावा. म्हणून टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं तेव्हा लोणावळ्याच्या तळ्यांवरची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे सुमारे एक लाख व्होल्टने निघाली. गिरणीतल्या मोटारीला लाख व्होल्टचा काही उपयोग नव्हता. तो दाब घाटातून शहरापर्यंतच्या तारांसाठी होता.

लोकलचं उदाहरण मला याहून बोलकं वाटतं. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेवरची गाडी धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. त्या काळात हा निर्णय योग्यच होता. डीसीच्या मोटारी गाडीला सोयीच्या होत्या. पण हिशेब करून बघा. भरलेली गाडी वेग घेताना तीन हजार किलोवॅट घेते असं धरू. भागिले १५००, म्हणजे दोन हजार अँपिअर, तेही डोक्यावरच्या तारेतून आणि एका छोट्याशा घासत्या स्पर्शातून. म्हणून तारा जाड, आणि थोड्या-थोड्या किलोमीटरवर सबस्टेशन. तीच गाडी २५ हजार व्होल्टवर १२० अँपिअरमध्ये भागते. करंट जवळजवळ सतरावा हिस्सा झाला. तेवढ्याच रोधाच्या तारेत तोटा पावणेतीनशेव्या हिश्श्यावर आला. पश्चिम रेल्वेने हा बदल २०१२ मध्ये पुरा केला, मध्य रेल्वेने हार्बरसकट २०१६ मध्ये. नव्वद वर्षं एका भागाकाराच्या जोखडाखाली काढल्यावर.

चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत येणारी साडेसातशे किलोमीटरची लाईन पुन्हा डीसीचीच आहे. ती १९९९च्या सुमारास सुरू झाली. एक तार जमिनीपेक्षा पाच लाख व्होल्ट वर, दुसरी पाच लाख खाली. म्हणजे दोघींमध्ये दहा लाख. पूर्ण भाराने ती १५०० मेगावॅट वाहते. भागाकार तोंडी होतो: १५०० अँपिअर. वेग घेणारी एक लोकल १५०० व्होल्टवर ओढायची त्याहूनही कमी करंटमध्ये विदर्भातून कोकणात एवढी वीज येते. ‘डीसी जुनं, एसी नवं’ असं मानणाऱ्यांनी या दोन उदाहरणांचा क्रम एकदा बघावा. प्रश्न व्होल्टेजचा होता. डीसीचं व्होल्टेज चढवणं-उतरवणं सोपं नव्हतं तोवर एसी जिंकली. अर्धवाहकांनी ते साधून दिलं आणि लांबच्या पल्ल्यावर डीसी परतली.

माणसाच्या शरीराचा रोध किती, असं मुलं हमखास विचारतात. त्याला एक उत्तर नाही, आणि ते नसणं हेच धोक्याचं मूळ. कोरड्या, घट्टे पडलेल्या हाताचा रोध कित्येक हजार ओहम, कधी लाखाच्या घरात असतो. तोच हात ओला, पाय चिखलात, तर हिशेबाला हजार ओहम धरतात. २३० भागिले हजार, म्हणजे २३० मिलीअँपिअर. घरात जीव वाचवायला बसवतात तो आरसीसीबी ३० मिलीअँपिअरला पडतो. यावरून २३० म्हणजे काय ते समजावं. ‘माणसाला व्होल्टेज नाही, करंट मारतो’ हे वाक्य शहाणपणाचं म्हणून सांगितलं जातं. अर्धंच खरं आहे ते. करंट येतो कुठून? कुणाच्या तरी दोन टोकांमध्ये व्होल्टेज असतं, म्हणूनच. हवेत लटकलेल्या तारेवर पक्षी निवांत बसतो, कारण त्याच्या दोन पायांमधल्या तारेचा रोध नगण्य, म्हणून दोन पायांमधलं व्होल्टेजही नगण्य.

दोन मर्यादा मात्र आधीच सांगतो. एसीवर व्होल्टेज आणि करंट यांची चढ-उतर एका तालात नसेल तर नुसत्या गुणाकाराने खरे वॅट मिळत नाहीत. त्याला पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं. शेगडी, गीझर, इस्त्री यांना तो एक धरायला हरकत नाही, मोटारीला ०.८च्या आसपास. वर मी पाच एचपीचा जो करंट दिला त्यात तो धरलेला आहे. दुसरी मर्यादा एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टरवाले एअर कंडिशनर यांची. त्यांच्या पोटात इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. व्होल्टेज कमी झालं तर ती करंट वाढवून वॅट तेवढेच ठेवू पाहतात. त्यांचा ‘रोध’ काढता येतो, पण तो पुढच्या क्षणी कामाला येत नाही. पुस्तकाने या वस्तू शेवटच्या प्रकरणांवर ठेवल्या आहेत आणि तिथेही फार खोलात नेलेलं नाही. मला वाटतं तिथे थोडं जास्त लिहायला हवं होतं. आजच्या घरात शेगडीपेक्षा चार्जर जास्त आहेत.

वाचणाऱ्याने प्रकरणं क्रमाने घ्यावीत असा आग्रह नाही, पण पहिलं टाळू नये. त्यातले प्रयोग भिंतीतल्या सप्लायवर नाहीत, बारा व्होल्टच्या बॅटरीवर आहेत. मोटारसायकलची बॅटरी, चारचाकीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, तीन-चार मीटर बारीक वायर, एक फ्यूज आणि साधा मल्टिमीटर एवढं सामान पुरतं. बल्ब आधी थंड मोजायचा. एक ओहमही भरणार नाही. मग बॅटरीला जोडून व्होल्टेज आणि करंट घेऊन भागाकार करायचा. सातच्या आसपास येईल. त्यानंतर मध्ये ती बारीक वायर घालायची आणि व्होल्टेज तीन ठिकाणी मोजायचं: बॅटरीच्या टोकांवर, बल्बच्या टोकांवर आणि वायरीच्या दोन टोकांवर. तीन आकडे वहीत तीन वेगळ्या रकान्यांत लिहायचे, प्रत्येकावर कुणाचं ते लिहायचं, आणि मगच गुणाकाराला हात घालायचा. सामान जमवताना फ्यूज विसरू नका; बारा व्होल्टची बॅटरी माणसाला झटका देत नसली तरी शॉर्ट झाल्यावर वायर लाल करण्याइतका करंट तिच्यात असतो.